बंदुकीवरचा आकडा कसा ठरवायचा? विज्ञानकथेतल्या युद्धखेळासाठी टेक लेव्हलची बांधणी

आमच्या टेबलावरचा पहिला घरगुती युद्धखेळ तिसऱ्याच फेरीत संपला. एका बाजूला टेक लेव्हल (म्हणजे तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा आकडा) १२ ची भाडोत्री सैनिकांची प्लॅटून, दुसऱ्या बाजूला टेक लेव्हल ६ ची तिप्पट माणसं, मधे पुठ्ठ्याच्या घरांचं गाव. नियम मी लिहिला होता: लेव्हलमध्ये जेवढा फरक, तेवढे फाशांच्या बेरजेत मिळवायचे किंवा वजा करायचे. दोन फासे, आठ किंवा जास्त आले की नेम लागला. फरक सहाचा. म्हणजे भाडोत्री सैनिकाला दोन्ही फाशांवर एक-एक आला तरी दोन अधिक सहा, आठ. आणि समोरच्याला दोन्ही फाशांवर सहा-सहा आले तरी बारा वजा सहा, सहाच. त्याचा नेम कधीच लागणार नव्हता. तिसऱ्या फेरीत त्याने फासे खाली ठेवले आणि विचारलं, “मग मी टाकतोय कशाला?”

प्रश्न रास्त होता. त्यानंतर बरेच महिने मी दर रविवारी हा एकच आकडा नीट बसवत होतो. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे पायरीपायरीने लिहितो. स्वतःचा विज्ञानकथेतला युद्धखेळ लिहिणाऱ्याला, किंवा तयार नियमांत स्वतःची शस्त्रं आणि वाहनं घालणाऱ्याला तिचा उपयोग होईल.

आकडा नेमका कशाचा

टेक लेव्हल मी शिकलो ती ट्रॅव्हलर या विज्ञानकथेतल्या भूमिका-खेळातून. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल गावच्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ साली तीन छोट्या काळ्या पुस्तिकांमध्ये तो आणला; मार्क मिलर त्याचा कर्ता. १९८१ मध्ये त्याच विश्वावर फ्रँक चॅडविकने स्ट्रायकर हा १५ मिलिमीटर मिनिएचरचा, म्हणजे छोट्या सैनिक-बाहुल्यांचा, युद्धखेळ रचला. त्यात कुठल्याही लेव्हलचं वाहन स्वतः बांधता येतं.

ट्रॅव्हलरमध्ये प्रत्येक ग्रहाला एक कोड असतो. रेजिना या ग्रहाचा जुना कोड आहे ए७८८८९९-ए. पहिलं अक्षर अंतराळबंदराचा दर्जा सांगतं, मधले आकडे ग्रहाचा आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यव्यवस्था आणि कायदा. आडव्या रेघेनंतर येते ती टेक लेव्हल. नऊच्या पुढे आकड्याऐवजी अक्षर वापरतात, म्हणजे सगळं एकाच जागेत मावतं: ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत एफ म्हणजे १५. शून्य म्हणजे अश्मयुग, पंधरा म्हणजे खेळातल्या साम्राज्याने गाठलेली कमाल.

या कोडातलं शेवटचं अक्षर तिथले लोक लढाईत किती भारी आहेत हे सांगत नाही. तिथल्या उद्योगाला काय बनवता येतं, काय चालू ठेवता येतं, एवढंच ते सांगतं. माझी चूक इथेच झाली होती. कारखान्याबद्दलचा आकडा मी सैनिकाच्या नेमाला चिकटवला होता.

म्हणून कुठल्याही साधनाला आकडा देण्याआधी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. हे कोण बनवू शकतं? बिघडलं तर कोण दुरुस्त करू शकतं? हातात दिलं तर कोण चालवू शकतं? मी प्रत्येक वस्तूचं एक कार्ड करतो आणि त्यावर तीन आकडे लिहितो: निर्मिती, दुरुस्ती, वापर. बहुतेक वेळा ते उतरत्या क्रमाने येतात. मोबाइल फोनचंच बघा. त्यातली चिप बनवणारे कारखाने जगात मोजके. स्क्रीन बदलून देणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत. वापरायला तर चार वर्षांच्या पोरालाही येतो. एका वस्तूचे हे तीन आकडे एकत्र केले की खेळातली सगळ्यात रंजक परिस्थितीच हरवते: ज्यांना एखादी वस्तू बनवता येत नाही, त्यांच्या हातात ती वस्तू असणं.

पहिली पायरी: शिडी

शिडीच्या खालच्या पायऱ्या इतिहासातून येतात, त्यामुळे सोप्या. ट्रॅव्हलरच्या जुन्या तक्त्यात लेव्हल ४ म्हणजे साधारण १८६० ते १९००, ५ म्हणजे १९०० ते १९३९, ६ म्हणजे १९४० ते १९६९. तिथून पुढे पायऱ्या एकदम जवळ येतात. लेव्हल ७ ला सत्तरचं दशक, ८ ला ऐंशीचं, ९ ला नव्वदचं. चंद्रावर माणूस उतरून जेमतेम आठ वर्षं झाली होती त्या काळात हे लिहिलं गेलं, तेव्हा प्रगती याच वेगाने चालू राहील असं वाटणं स्वाभाविक होतं. पण त्याच खेळात पहिलं ताऱ्यांपलीकडे उडी मारणारं इंजिन लेव्हल ९ ला येतं, आणि नव्वदचं दशक तर कधीच मागे पडलं.

यातून घ्यायचं ते असं की आजच्या पुढच्या पायऱ्यांना साल लावू नका. त्यांना शोध लावा. ‘लेव्हल ९: खिशात मावणारा जबरदस्त ऊर्जासाठा’, ‘लेव्हल १०: गुरुत्वाकर्षणावर ताबा’, असं. प्रत्येक पायरीला एकच आईशोध, ज्याच्या पोटातून बाकीच्या दहा गोष्टी निघतील. पायरी सांगताना तुम्हाला ‘आणि’ हा शब्द तीनदा लागला तर त्या दोन पायऱ्या आहेत असं समजा.

प्रत्येक शाखेत प्रत्येक पायरीला नवं काही आलंच पाहिजे असं नाही. ट्रॅव्हलरमधलं उडीचं इंजिन बघा: लेव्हल ९ ला एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं, १० ला काहीच वाढ नाही, ११ ला दोन पार्सेक, आणि मग १२, १३, १४, १५ ला तीन, चार, पाच, सहा. ती दहाव्या पायरीवरची रिकामी जागा मला फार आवडते. तंत्रज्ञान खरोखर असंच पुढे जातं, मधेच अडतं आणि मग एकदम धावतं. आपल्या तक्त्यात सगळे रकाने भरायचा मोह होतो तेव्हा मी ती जागा आठवतो.

दोन खेळांच्या शिड्या मात्र एकमेकांत मिसळू नका. स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या गर्प्समध्ये ० ते १२ अशी शिडी आहे आणि १९४० ते १९८० हा काळ तिथे लेव्हल ७ आहे. म्हणजे १९५० सालचा एकच रणगाडा ट्रॅव्हलरमध्ये ६ आणि गर्प्समध्ये ७. एका खेळातली तोफ आणि दुसऱ्यातलं चिलखत उचलून समोरासमोर ठेवलं की पूर्ण एका लेव्हलची चूक होते, आणि ती सहज सापडत नाही.

आणखी एक. टेबलावर उतरणाऱ्या फौजांच्या लेव्हल चार-पाचपेक्षा जास्त नसाव्यात. शिडी सोळा पायऱ्यांची असू दे, पण एका मोहिमेत ५, ६, ८, १० आणि १२ एवढ्याच असल्या तरी भरपूर झालं. खेळाडूच्या डोक्यात राहायला हव्यात ना.

दुसरी पायरी: शाखा

सगळ्या समाजाला एकच आकडा पुरत नाही. आपल्याच देशात उपग्रह सोडणारं केंद्र आणि बैलाने चालणारा नांगर एकाच वेळी आहेत. मी पाच शाखा ठेवतो: ऊर्जा, साहित्य (म्हणजे धातू, सिरॅमिक, धागे), संगणन, प्रवास आणि वैद्यक. ग्रहाला एक मूळ लेव्हल द्यायची आणि एखाद-दुसऱ्या शाखेला एक किंवा दोन वर-खाली. ‘लेव्हल ८, पण संगणन १०’ असं वाचलं की त्या ग्रहाची फौज कशी असेल ते लगेच डोळ्यांपुढे येतं: साध्या बंदुका, साधी चिलखतं, पण आकाशात चतुर ड्रोनचे थवे.

दोनपेक्षा जास्त फरक करू नका. संगणन १२ आणि साहित्य ५ असं झालं की प्रश्न उभा राहतो, तो संगणक बनवला कशाचा?

तिसरी पायरी: वस्तू सोडवून बघा

खरी मेहनत इथे आहे. वस्तू मनातल्या मनात टेबलावर सुटी करायची, प्रत्येक भागाला शाखेनुसार आकडा द्यायचा, आणि सगळ्यात मोठा आकडा तो तिच्या निर्मितीचा. पण सगळ्यात मोठा आकडा कुठल्या भागाचा, याचा अंदाज हमखास चुकतो. त्यासाठी एक उदाहरण जवळून बघू.

ट्रॅव्हलरमधली गॉस रायफल लेव्हल १२ ची आहे. दारू नाही, स्फोट नाही; विद्युतचुंबकीय वेटोळ्यांतून ४ मिलिमीटरची सुई सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने सुटते. ही इतकी वरच्या लेव्हलला का? पहिलं उत्तर तोंडावर येतं, ‘एवढी वीज साठवणारी बॅटरी कुठाय?’ आकडेमोड करून बघू. सुई ४ ग्रॅमची धरा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ४,५०० ज्यूल. चाळीस गोळ्यांना १ लाख ८० हजार ज्यूल, म्हणजे ५० वॅट-तास. निम्मी ऊर्जा उष्णतेत वाया जाते असं धरलं तरी १०० वॅट-तास. एवढी वीज आजच्या अर्धा किलो लिथियम-आयन सेलमध्ये बसते! बॅटरी आपल्याकडे आत्ताच आहे.

मग घोडं अडतं कुठे? नळी अर्ध्या मीटरची असेल तर सुई त्यातून एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश वेळात बाहेर पडते. तेवढ्या वेळात ४,५०० ज्यूल ओतायचे म्हणजे साधारण पावणेसात मेगावॅट. क्षणभरासाठी का होईना, पण हातातल्या बंदुकीत. कुठलाही लिथियम सेल इतक्या झपाट्याने रिता होत नाही. मधे कपॅसिटर, म्हणजे साठवलेली वीज क्षणात सोडणारा भाग, लागतो, आणि आजचा कपॅसिटर एवढ्या कामासाठी काही किलो वजनाचा होतो. शिवाय हा झटका वेळेवर चालू-बंद करणारा स्विच हवा आणि वेटोळी वितळू नयेत म्हणून उष्णता बाहेर काढायची सोय हवी. म्हणजे बारा हा आकडा ऊर्जेच्या साठ्याचा नाही, ऊर्जेच्या झटक्याचा आहे.

ही पंधरा मिनिटांची आकडेमोड वाया जात नाही. तिच्यातून खेळाचे नियम आपोआप निघतात. लेव्हल १० वर हीच बंदूक बनेल का? बनेल, पण वाहनावर, कारण तिथे कपॅसिटरचं वजन चालतं. सलग मारा केला तर काय होईल? तापेल, म्हणून दोन फेऱ्या सलग मारा केल्यावर तिसरी फेरी थांबायचं. सुई कोण बनवेल? लेव्हल ६ चं साधं वर्कशॉपसुद्धा. सेल कोण चार्ज करेल? ज्याच्याकडे वीज आहे तो कोणीही.

माझ्या कार्डावर ती अशी आहे: निर्मिती १२, दुरुस्ती १०, वापर ६. दुरुस्ती दहा, कारण रणांगणावर बिघडतात ते दृष्टियंत्र, दस्ता, घोडा. कपॅसिटरचा डबा सीलबंद, तो अख्खा बदलायचा. वापर सहा, कारण खांद्याला लावून नेम धरणं आणि बोट दाबणं ज्याने साधी रायफल चालवली आहे त्याला येतंच. बारा सोडता हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. त्यामागचं कारण कार्डाच्या मागच्या बाजूला एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

चौथी पायरी: एकाच लेव्हलच्या आतली पिढी

नवी गोष्ट पहिल्यांदा येते तेव्हा जड, महाग आणि नाजूक असते. हे खेळात दाखवण्याची मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर पद्धत ट्रॅव्हलरच्या १९७८ च्या मर्सनरी या चौथ्या पुस्तकात आहे. तिथे माणसाने वाहून नेण्याच्या प्लाझ्मा बंदुकांच्या नावातच टेक लेव्हल आहे.

पीजीएमपी-१२ ही पहिली. पाठीवर ऊर्जेचं मोठं ओझं, दणकट माणसालाच झेपणारी. पीजीएमपी-१३ जास्त ताकदीची, पण तिचा धक्का इतका की बॅटल ड्रेस, म्हणजे मोटरवर चालणारं चिलखत, घातल्याशिवाय ती वापरताच येत नाही. आणि बॅटल ड्रेससुद्धा लेव्हल १३ लाच येतो! दोन शोध एकमेकांचा हात धरून आले आहेत. पुढे पीजीएमपी-१४ मध्ये धक्का शोषून घेणारी यंत्रणा येते आणि साध्या सैनिकाच्या हातात ती बंदूक पुन्हा बसते. पण त्याच चौदाव्या लेव्हलला तिची थोरली बहीण येते, फ्यूजन बंदूक एफजीएमपी-१४, आणि तिला परत बॅटल ड्रेस लागतो. पंधराव्या लेव्हलला तिचाही धक्का काबूत येतो.

या मालिकेत प्रत्येक पायरीने नुसतं नुकसान वाढवलेलं नाही. एकदा ताकद वाढली, मग ओझं उतरलं, मग पुन्हा ताकद वाढली. तुमच्या यादीतलं प्रत्येक शस्त्र असं बघा: या लेव्हलने आधीच्या लेव्हलची कुठली अडचण सोडवली आणि कुठली नवी आणली? दोन्ही रकाने भरता आले नाहीत तर ते शस्त्र यादीतून काढा. ‘लेझर एक, लेझर दोन, लेझर तीन’ अशी नुसती वाढत जाणारी यादी खेळाडू दुसऱ्या दिवशी विसरतात.

प्रायोगिक नमुन्यासाठी माझा नियम साधा आहे. कुठलीही वस्तू तिच्या लेव्हलच्या एक पायरी आधी बनवता येते, पण वजन दुप्पट, किंमत पाचपट, आणि वापरताना दोन्ही फाशांवर एक आला की ती त्या सामन्यापुरती बंद. प्रत्येक बाजूला असा एकच नमुना.

पाचवी पायरी: फाशावर परिणाम

आता माझ्या मूळ चुकीकडे येऊ. चांगल्या बंदुकीची भेदकता जास्त असते, पल्ला लांब असतो, दृष्टियंत्र बरं असतं. हे सगळं कार्डावरच्या आकड्यांत आधीच धरलेलं असतं. त्यावर आणखी ‘लेव्हल जास्त म्हणून अधिक सहा’ दिले की एकाच गुणाचे पैसे दोनदा मोजले जातात. म्हणून लेव्हलचा फरक नेमाला, नुकसानीला, चिलखताला कधीच लावू नका.

तो लावायचा फक्त जिथे दोन यंत्रं एकमेकांशी थेट झगडतात तिथे. समोरच्याचा रेडिओ आणि तुमचा जॅमर. त्याचं क्षेपणास्त्र आणि तुमची फसवी लक्ष्यं. त्याचा सेन्सर आणि तुमचं लपणं. इथे खरोखर एकाची समज दुसऱ्यापेक्षा एक पिढी पुढे असते, आणि तोच फरक निकाल ठरवतो.

किती लावायचा हे दोन फाशांचं गणित सांगतं. आठ किंवा जास्त येण्याच्या शक्यता छत्तीसपैकी १५. एक मिळवला की २१, दोन मिळवले की २६, तीन मिळवले की ३०. उलट बाजूने एक वजा केला की १०, दोन वजा केले की ६, तीन वजा केले की फक्त ३. म्हणजे तीनच्या फरकाने एका बाजूच्या ३० आणि दुसऱ्या बाजूच्या ३ होतात, दहापट! सहाचा फरक तर खेळच बंद पाडतो, तो मी पाहिला. म्हणून दर दोन लेव्हलमागे एक, आणि कितीही फरक असला तरी जास्तीत जास्त दोन. एवढ्याने २६ विरुद्ध ६ असा निकाल येतो. भरपूर जड आहे, पण दुसऱ्या बाजूच्या खेळाडूला फासे टाकावेसे वाटतात.

माणसांचा दर्जा हा वेगळा आकडा आहे. तो टेक लेव्हलमध्ये कालवू नका. जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ ला, शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोफांच्या तोडीच्या होत्या आणि संख्येने कितीतरी जास्त. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची सुमारे सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली ती मुख्यतः त्या तोफांनीच. तरी लढाई वेलस्लीने जिंकली. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी शिंद्यांच्या चाकरीतले बरेच युरोपीय अधिकारी आमिषं दाखवून फोडले होते. या लढाईचा सामना मांडला तर दोन्ही बाजूंची टेक लेव्हल सारखीच लिहावी लागेल. फरक नेतृत्वाच्या रकान्यात दिसेल.

आणि उलट उदाहरण २२ जानेवारी १८७९ चं, दक्षिण आफ्रिकेतलं इसांडलवाना. इंग्रजांकडे मार्टिनी-हेन्री रायफली, तोफा, रॉकेटं. झुलूंकडे मुख्यतः भाले, ढाली आणि काही जुन्या बंदुका. पण झुलू वीस हजारांच्या आसपास होते, त्यांनी छावणीला वेढा घालायची चाल अचूक खेळली, आणि इंग्रजांची फळी फार पसरलेली होती. तेराशेहून जास्त माणसं इंग्रजांच्या बाजूने पडली. तुमच्या नियमांत असा निकाल शक्यच नसेल तर नियम चुकलेत. या लढाईने झुलूंच्या हाती सुमारे हजार मार्टिनी-हेन्री आल्या, आणि पुढच्या लढायांत त्या इंग्रजांवरच चालल्या. निर्मितीची पातळी आणि वापराची पातळी वेगळी ठेवायची ती अशासाठी.

सहावी पायरी: किंमत

पॉइंट म्हणजे फौज बांधताना प्रत्येक वस्तूसाठी मोजायची किंमत. ते टेबलावरच्या परिणामाचे द्या, लेव्हलचे देऊ नका. लेव्हल १२ ची सुरी आणि लेव्हल ३ ची सुरी माणसाला सारखीच कापत असतील तर पॉइंटही सारखेच.

पॉइंटचा हिशेब कितपत पक्का आहे हे कसं तपासायचं, याचा धडा १९८१ मध्ये मिळाला. त्या वर्षी कॅलिफोर्नियात सॅन मातेओला ट्रॅव्हलरची आरमारांची स्पर्धा होती: लाख कोटी क्रेडिटमध्ये (हे खेळातलं चलन) ताफा बांधा आणि लढा. संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनटने नियमांची पुस्तकं आपल्या युरिस्को या प्रोग्रॅमला दिली. त्याने बांधला तो ताफा बाकीच्यांना चुकल्यासारखा वाटला: मंद, जड चिलखताची, छोट्या हत्यारांची भरपूर जहाजं. तो जिंकला. पुढच्या वर्षी संयोजकांनी नियम बदलून ताफ्याच्या चपळाईला महत्त्व दिलं. युरिस्कोने वाट काढली: जखमी जहाजं स्वतःच बुडवायची, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळाई कमी होत नाही. लेनट पुन्हा जिंकला.

म्हणून यादी तयार झाली की मुद्दाम तीन विक्षिप्त फौजा बांधा. एक, सगळ्यात स्वस्त वस्तूच जास्तीत जास्त. दुसरी, सगळी चिलखतं, हत्यार नावापुरतं. तिसरी, एकच अवाढव्य यंत्र. तिन्ही तुमच्या समतोल फौजेशी दोन-दोनदा लढवा. दोन्ही वेळा जिंकणारी फौज सापडली तर तिच्या सगळ्यात जास्त घेतलेल्या वस्तूची किंमत एक-चतुर्थांशाने वाढवा आणि पुन्हा लढवा.

सातवी पायरी: रसद

एका संध्याकाळचा सामना असेल तर ही पायरी सोडली तरी चालेल. मोहीम असेल तर टेक लेव्हलचा खरा जीव इथेच आहे. ट्रॅव्हलरमध्ये भाडोत्री सैनिकांच्या कामाला ‘तिकीट’ म्हणतात. असं एक तिकीट घेऊन लेव्हल १२ ची तुकडी लेव्हल ५ च्या ग्रहावर उतरते. पहिल्या चकमकीत तिला कोणी हात लावू शकत नाही. आठव्या चकमकीला तिच्या खिशात काय उरलंय?

माझा नियम: ग्रहाची लेव्हल कार्डावरच्या दुरुस्तीच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त एकने कमी असेल तर दुरुस्ती स्थानिक वर्कशॉपमध्ये होते. दोन-तीनने कमी असेल तर दोन बिघडलेल्या वस्तूंमधून एक चालू करायची. चार किंवा जास्तने कमी असेल तर बिघडलेली वस्तू गेलीच, पुढचं जहाज येईपर्यंत. दारूगोळ्याचा हिशेब प्रत्येक गोळीचा ठेवू नका, जीव जातो. प्रत्येक पथकाला चार चौकोन द्या. जोरदार मारा केला की एक खोडा. स्थानिक गोळ्या चालणाऱ्या बंदुकीचे चौकोन प्रत्येक सामन्यानंतर भरतात, बाहेरून आणलेल्याचे नाही.

या दोनच नियमांनी आमच्या खेळाडूंचं वागणं बदललं. चौथ्या सामन्यानंतर लेव्हल १२ वाल्याने आपल्या निम्म्या पथकाला ग्रहावरच्या साध्या रायफली घेऊन दिल्या आणि गॉस रायफली दोन नेमबाजांपुरत्या राखून ठेवल्या. मी त्याला असं करायला सांगितलं नव्हतं.

कार्ड आणि चाचणी

कार्ड पोस्टकार्डाएवढं, जास्त नको. वर नाव, उजव्या कोपऱ्यात तीन आकडे एकाखाली एक, मधे पल्ला, भेदकता, वजन, आणि खाली एकच खास नियम. तीन आकडे पेन्सिलीने लिहा, कारण ते बदलणार. दोन खास नियम लागत असतील तर वस्तू दोन करा.

चाचणीसाठी तोच सामना चार वेळा लावा: दोनदा नेहमीसारखा, दोनदा बाजू बदलून. बाजू बदलल्यावरही एकच खेळाडू जिंकत असेल तर फरक खेळाडूंच्या कौशल्याचा आहे, आकड्यांना हात लावू नका. एकच फौज चारही वेळा जिंकत असेल तर आकड्यांत गडबड आहे. तेव्हा आधी पाचव्या पायरीवर जाऊन बघा, लेव्हलचा फरक कुठेतरी चोरपावलांनी नेमात शिरला आहे का. आमच्याकडे तो एकदा ‘प्रगत दृष्टियंत्र’ या नावाने परत आला होता.

पुठ्ठ्याच्या गावाचा तो पहिला सामना आम्ही नव्या नियमांनी परत लावला. तीच प्लॅटून, तीच तिप्पट माणसं. पहिल्या तीन फेऱ्या भाडोत्री सैनिकांच्याच होत्या, रस्त्यावर कोणाला उभं राहू देत नव्हते. चौथ्या फेरीत गावकरी घरांच्या भिंतींना भोकं पाडून आतल्या आत पुढे सरकले, आणि पल्ला असला काय, नसला काय. सहाव्या फेरीत दोन भाडोत्री पथकांचे चारही चौकोन खोडले गेले होते. नवव्या फेरीत विहिरीपाशी सामना बरोबरीत सुटला. एका गोष्टीवर मात्र वाद झाला: गावकऱ्यांनी हिसकावलेला जॅमर त्यांना लगेच चालवता यावा का? त्याच्या कार्डावर मी वापर ६ लिहिलं होतं. बंदुकीचा घोडा दाबणं आणि कुठली लहर दाबायची ते ओळखणं ही एक गोष्ट नाही, हा समोरच्या खेळाडूचा मुद्दा पटला. तिथेच खोडून ८ केलं. येत्या रविवारी गावकऱ्यांना लेव्हल ८ चा एक भाड्याचा तंत्रज्ञ देऊन तोच सामना पुन्हा लावणार आहोत.